भांड्यांच्या दुकानाची मालकीण

मानवतच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ते निजामाच्या राज्यात काढलं. चौकटीवर अजून जुनी लाकडी पाटी आहे. वरची ओळ उर्दूत, खालची मराठीत. उर्दूची ओळ घरात कुणालाच वाचता येत नाही, पण दर दोन-तीन दिवाळ्यांनी पाटीला रंग लागतो तेव्हा रंगाऱ्याला सांगावं लागतं, वरची ओळसुद्धा जशी आहे तशीच गिरव. पूर्वी हे माझे सासरे सांगायचे. आता मी सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा दुकान सासरे चालवायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा उंच, जाड मिशांचे आणि दणदणीत आवाजाचे. कापसाच्या दिवसांत सगळा रस्ता टेम्पोंनी भरलेला असला तरी ते गादीवरून न उठता समोरच्या किराणावाल्याशी गप्पा मारायचे आणि दोघांनाही सगळं ऐकू जायचं. दुकान लांबट आणि अरुंद. पुढे गादी, मागे माळा, छताला आकडे आणि आकड्यांना कळशा, बादल्या, डबे टांगलेले. नवं पितळ एका बाजूला झळकत असे आणि दुसऱ्या बाजूला मोडीत आलेल्या जुन्या भांड्यांचा काळपट ढीग.

मामांची एक पद्धत होती. गिऱ्हाईकानं कुठलंही भांडं उचललं की ते त्याच्या हातून घेत, बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारत आणि कान पुढे करत. भांडं चांगलं असेल तर आवाज लांबत जातो. चिरलेलं, किंवा सांध्यात कच्चं असेल तर आवाज लगेच मरतो. मग ते भांडं गिऱ्हाईकाला कितीही आवडलेलं असो, मामा देत नसत. "हे न्हाई द्यायचं. पुढच्या बाजाराला या," एवढंच बोलून ते दुसरं काढत.

पण हे सगळं बोलणं पुरुषांशी. लग्नाची भांडी घ्यायला अख्खं कुटुंब यायचं, पण गादीवर मामांच्या समोर बसायचे बाप, चुलते, मामे. बायका बाहेर पायरीवर. त्यांना एखादी कळशी नको असली तर त्या पदराआडून नवऱ्याला खुणावत, नवरा मामांना सांगे, मामा त्याला उत्तर देत. ज्या बाईला पुढची तीस वर्षं त्या कळशीनं पाणी आणायचं होतं तिचं मत असं दोन वळणं घेऊन पोचायचं. मामा वाईट नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळापासून असंच चालत आलेलं होतं आणि त्यांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

मी केला होता. माझं माहेर पेडगाव. आमची थोडी बागाइती, आणि मी शाळेत असल्यापासून आईबरोबर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन परभणीच्या मंडईत बसायचे. पोत्यावर समोरासमोर बसून भाव करणारी बाई मी पाहिलेली होती, ती माझी आईच होती. कुणी जुडी उलटीपालटी करून नाक मुरडलं की आई म्हणायची, "न्या, न न्या, पण जुडीकडं बघून तोंड वाकडं करू नका." लोक हसायचे आणि घ्यायचे. त्यामुळे मामांचा डबा घेऊन दुकानात गेल्यावर तिथलं बोलणं कानावर आलं की मला वाटायचं, मी असते तर हे गिऱ्हाईक परत गेलं नसतं.

माझी मुलगी सातवीत होती त्या वर्षी, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, मामा सकाळी तोंड धुताना मोरीतच कोसळले. परभणीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. हळूहळू येतील, किती येतील सांगता येत नाही. ज्या माणसाचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा तो खाटेवर पडून छताकडे बघत राहिला.

दुकानाला कुलूप लागलं. माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्याला रजा मिळून मिळून किती मिळणार. धाकटे दीर पुण्याला कंपनीत. ते आले, चार माणसं बसली. मोबाइलच्या एका दुकानदाराला आमची जागा भाड्यानं हवीच होती, तो दवाखान्यातसुद्धा भेटून गेला होता. दीर म्हणाले, "आता भांडी विकून किती दिवस चालणार? भाडं घरबसल्या येईल."  नवऱ्याला पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

मी चहा घेऊन आले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मी बसते दुकानात."

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू? अन् सैपाक?"

"सकाळी करून जाईन. दुपारचं तुमी वाढा."

"लोक काय म्हणतील माय? आपल्या घरची बाई गादीवर कधी बसली न्हाई."

"मग मोबाइलवाला तरी कुठं बसला होता आपल्या गादीवर?"

दीर हसले. नवऱ्यानं मान वर केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "एक सराई बसून बघ. न्हाई जमलं तर मग बघू." मी म्हणाले, "जमंल." खरं सांगते, मला जराही भीती वाटली नाही. मला फक्त घाई झाली होती.

पहिल्या दिवशी मी कुलूप काढलं, झाडलं, पाणी शिंपडलं आणि गादीवर बसले. शेजारच्या दुकानांतून माना बाहेर आल्या. बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत जे आले ते उंबऱ्यावर थांबले, "मालक न्हाईत का?" म्हणाले आणि निघून गेले. एक म्हातारेसे शेतकरी तर आत येऊन, सगळीकडे नजर टाकून, अगदी सरळ मनानं म्हणाले, "बाई, कुणी माणूस हाय का?"

"मी काय दिसायले तुमाला?"

ते गडबडले. "तसं न्हाई ओ. भांड्याचं कळणारं कुणी?"

"बसा. काय पाहिजे सांगा. न्हाई कळलं मला, तर उठून जा."

त्यांना दूध काढायची कासंडी हवी होती. मी तीन काढल्या, तिन्हीवर टिचक्या मारून दाखवल्या. त्यांनी स्वतः एकेक कानाशी धरली, आणि मधली निवडली. निवड बरोबर होती. जाताना म्हणाले, "येतो मी परत." आणि खरंच पुढच्या बाजाराला ते आपल्या बायकोला घेऊन आले. त्या नेहमीप्रमाणे पायरीवर थांबल्या. मी म्हणाले, "आत या न आक्का, बाहेर उन्हात कामून बसता?" त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि आत आल्या.

त्या दिवशी मला कळलं की मी काय करायला पाहिजे. मी घरून सतरंजी आणली आणि गादीपुढची मधली जागा मोकळी करून तिथं अंथरली. माठ आत घेतला. लग्नाचं कुटुंब आलं की मी आधी नवरीला नाहीतर तिच्या आईला विचारायची, "तुला काय पाहिजे?" पुरुष जरा चुळबुळत, मग पंख्याखाली बसून आपापसात पाऊसपाण्याचं बोलत. बायका मात्र भांडी पायाशी घेऊन बसायच्या, तळ बघायच्या, काठ हातानं चाचपायच्या. एका नवऱ्या मुलीनं सगळ्यांच्या देखत सांगितलं की मोठं घंगाळ नकोच, तिकडे नळ आहे, त्यापेक्षा जाड बुडाचा कुकर द्या. तिच्या काकांनी "घंगाळाबिगर लगीन?" असं विचारलं. ती म्हणाली, "काका, तुमी येता का त्यात आंघोळीला?" सगळं दुकान हसलं. काकाही हसले. कुकर गेला.

मामा घरी आले तेव्हा सराई निम्मी सरली होती. त्यांना मी दुकानात बसते हे आत्याबाईंनी सांगितलेलं होतं. ते काहीच बोलू शकत नव्हते, पण डाव्या हातानं दाराकडे बोट दाखवून त्यांनी घर डोक्यावर घेतलं, म्हणजे काय ते आम्हाला लगेच समजलं. नवऱ्यानं त्यांना स्कूटरवर बसवून आणलं. मी उठून गादी मोकळी केली. पण त्यांना मांडी घालता येईना. मग खुर्ची आणली, गादीच्या मागे, भिंतीला लावून. ते तिच्यात बसले, सतरंजी पाहिली, सतरंजीवरच्या बायका पाहिल्या, आणि खुर्ची हातानं ओढत ओढत पाठ करून बसले. तोंड भिंतीकडे.

असे ते कितीतरी दिवस बसले. रोज यायचे, रोज भिंतीकडे तोंड. मला राग यायचा आणि कीवही यायची. पण मी दोन्ही दाखवलं नाही. सकाळी त्यांच्यासाठी चहा आला की मी कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवायची आणि काल काय काय गेलं ते सांगायची.  रोज सांगायची. दुकान त्यांचं होतं, त्यांना कळायला हवं.

सराई संपता संपता एक दिवस दहा-बारा बायका एकदम दुकानात शिरल्या. चुडाव्याच्या होत्या, गाडीनं मानवत रोडला उतरून तिथून जीपनं आलेल्या. पुढे होती ती चाळिशीची, सावळी, खणखणीत बोलणारी. गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. आत येताच म्हणाली, "इथं बाई बसती म्हनून ऐकलं. खरं हाय का?"

"मीच ती. बसा."

त्या बचत गटाच्या होत्या. गटाच्या पैशातून त्यांना स्वयंपाकाची मोठी भांडी घ्यायची होती, लग्नाला, बारशाला, तेराव्याला भाड्यानं द्यायला. गावात कुणाकडे कार्य असलं की भांडी पूर्णेहून आणावी लागत. मोठी भगुनी, म्हणजे पातेली, पराती, झारे, पळ्या, ताटं, सगळं त्यांनी ठरवून आणलं होतं. एका दुसऱ्या गावात त्या एका दुकानात जाऊन आल्या होत्या, तिथल्या माणसानं त्यांना सांगितलं होतं, घरच्या माणसांना घेऊन या, मग बोलू.

"आमी म्हनलं, भांडं आमी घासायचं, भांडं आमी उचलायचं, अन् बोलायला तेवढी ती माणसं पाहिजेत?" ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या.

इतकी मोठी मागणी मी एकटीनं कधी घेतली नव्हती. पण घेतली. शंभर माणसांच्या वरणाला केवढं भगुनं लागतं हे मला माहीत होतं. पेडगावला आमच्या भावकीत एवढ्या पंगती उठलेल्या होत्या. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. प्रत्येक भांड्यावर नाव टाकून मिळेल का? मी म्हणाले, मिळेल. काय नाव, गटाचं?

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पुढची म्हणाली, "आमची. समद्यांची नावं टाका, एकाखाली एक."

नाव टाकणं हे मामांचं काम होतं. बारीक छिन्नी आणि हातोडीनं ठिपके ठिपके देत ते अक्षर उठवायचे, आणि भांड्यावर नेहमी घरच्या कर्त्याचं नाव जायचं. मामांचा उजवा हात गेल्यापासून नाव टाकणं बंदच होतं. मी मग विजेवर चालणारं लेखणीसारखं मशीन मागवलं आणि मोडीतल्या ताटांवर सराव केला. आधी अक्षरं कोंबडीनं पाय दिल्यासारखी यायची. मुलगी शाळेतून आली की माझ्याजवळ बसून "आई, तुझा 'क्ष' चुकला" असं सांगायची. चार-सहा ताटं खराब केल्यावर हात बसला.

माल ट्रान्सपोर्टनं आला. मी आणि हमाल एकेक भांडं उतरवून दुकानात मांडत होतो. मोठी भगुनी जर्मनची होती, ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. पाणी साठवायला दोन पितळी हंडे होते. मी घाईत होते, वर वर टिचक्या मारून हंडे बाजूला ठेवले. तेवढ्यात मागून ठण्ण असा आवाज आला. वळून पाहिलं तर मामांनी खुर्ची फिरवली होती. त्यांनी डाव्या हातानं जवळच्या हंड्यावर मारलं होतं. पुन्हा मारलं. मग दुसऱ्यावर मारलं. मग माझ्याकडे पाहून पहिल्याकडे बोट केलं आणि जोरात मान हलवली.

मी पहिल्या हंड्यापाशी बसले आणि कान लावून टिचकी मारली. आवाज अर्ध्यातच मरत होता. बुडाच्या सांध्याला बारीक चीर होती, उजेडात धरल्यावर दिसली. मी हंडा परत गाडीत चढवायला सांगितला. "मामा, बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले. त्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवली नाही. त्या दिवसापासून आलेला प्रत्येक पितळी नग आधी त्यांच्यापुढे जायचा.

मी नावं टाकायला घेतली. दोन दिवस ते मशीन गुणगुणत होतं. गटात पाटलांच्या गल्लीतल्या बायका होत्या आणि बौद्धवाड्यातल्याही. सगळ्या एकत्र, जशी त्यांनी सांगितली तशी, एकाखाली एक. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही, फक्त त्यांची नावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चुडाव्याचा एक माणूस आला. पांढरे कपडे, खिशाला पेन. गटातल्या एका बाईचा जेठ होता, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यानं मांडलेली भगुनी बघितली, एकावरची नावं वाचली आणि माझ्याशी न बोलता सरळ मागे मामांकडे गेला.

"मालक, एक सांगायचं व्हतं. ही नावं काढून टाका. नुसतं गटाचं नाव टाका. अशी समद्यांची नावं एकत्र असल्यावर आमच्या गल्लीत ही भांडी कोन नेईल? तुमाला तर समजतंय. बायकांना काय कळतंय."

मी हातातलं मशीन बंद केलं. मला उत्तर तयार होतं, चांगलं तिखट. पण तो मामांशी बोलत होता, आणि मामा त्याच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ हलायला लागले, गळ्याच्या शिरा वर आल्या. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी होतंय. मी उठून उभी राहिले.

मामांनी डावा हात उचलला, माझ्याकडे केला आणि म्हणाले, "हिला."

तो माणूस वाकला. "काय म्हनलात?"

"हिला," मामा म्हणाले. शब्द जड होता, अर्धा गिळलेला, पण शब्दच होता. आजारानंतरचा त्यांचा पहिला शब्द. "हिला… इचार."

 आत्याबाई जेवणाचा डबा घेऊन नेमक्या दारात आल्या होत्या. त्यांनी डबा तिथंच पायरीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. तो माणूस माझ्याकडे वळला, कारण आता दुसरा उपाय नव्हता.

मी म्हणाले, "दादा, भांडी गटाची हायत. गटानं सांगितलं तशी नावं टाकली. बदलायची असली तर समद्या येऊन सांगतील, मी लगेच घासून काढीन. तुमच्या सांगण्यावरून न्हाई काढायची."

"भांडी पडून राहतील, लिहून ठेवा."

"राहिली तर माझ्याकडं आणा. मी इथं विकून देईन."

तो गेला. मामा खुर्चीत मागे टेकले होते, खूप दमले होते. आत्याबाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि विचारलं, "अजून काही बोला न." मामांनी बराच वेळ प्रयत्न केला आणि चिडून जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. ती मात्र अगदी स्पष्ट होती. आत्याबाई रडता रडता हसल्या आणि मीही.

माल पोचवायला मी स्वतः टेम्पोतून चुडाव्याला गेले. मला बघायचं होतं. गटाच्या बायकांनी अंगणवाडीपुढच्या मोकळ्या जागेत चुली मांडल्या होत्या. नव्या भगुन्यात त्यांनी पहिलं वरण शिजवलं, मोठ्या परातीत कणीक मळली, आणि सगळ्यांनी एका रांगेत बसून खाल्लं. मी मधोमध होते. पलीकडच्या ओट्यावर काही पुरुष उभे राहून बघत होते. त्यातले दोघं-तिघं येऊन जेवले. बाकीचे आले नाहीत. अंगणवाडीची ती बाई मला वाढता वाढता म्हणाली, "येतील, न्हाई आले तर त्यांचं त्यांच्यापाशी. आमचं तर पोट भरलं."

पहिले काही महिने त्यांच्या स्वतःच्या घरांतच भांडी फिरली. मधून मधून अंगणवाडीच्या बाईचा फोन यायचा आणि मी भीत भीत विचारायची, बाहेरच्या कुणी नेली का. मग पुढच्या लग्नसराईत एकाच तिथीला भोवतालच्या गावांत इतकी लग्नं आली की पूर्णेच्या भांडेवाल्याकडे काहीच उरलं नाही. पाटलांच्या गल्लीतल्या एका घरी मांडव पडला होता आणि शिजवायला भगुनं नव्हतं. त्यांचा माणूस संध्याकाळी अंगणवाडीच्या बाईकडे आला. तिनं भांडी दिली, आणि मला फोन करून एवढंच म्हणाली, "गेली." मला कळलं. त्यानंतर नेणाऱ्यांनी नावं वाचायचं सोडून दिलं. परत देताना सगळे नग आहेत का तेवढं बघायचे. गटानं माझ्याकडून पुढे दोनदा भांडी वाढवून नेली. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं, नव्या बायका आल्यात, त्यांची नावं टाका. मी टाकली.

मामा त्यानंतर आणखी सहा-सात वर्षं दुकानात येत राहिले. शब्द थोडे थोडे आले. वाक्य कधी आलं नाही, पण दुकानाला लागतात तेवढे शब्द आले: "दे", "नको", "जड हाय", "बस". शेवटच्या वर्षी ते मला हाक मारायचे "मालक" म्हणून. थट्टेनं म्हणायचे की खरंच, हे मी कधी विचारलं नाही. ऐकायला बरं वाटायचं. ते गेले त्या दिवशी बाजारपेठेतली सगळी दुकानं दुपारपर्यंत बंद होती, आणि त्या गर्दीत चुडाव्याच्या बायका जीप करून आलेल्या होत्या. त्या मागे थांबल्या नाहीत. थेट मामांपाशी गेल्या.

आता दुकान मोठं झालंय. मोबाइलवाल्यानं शेजारी गाळा घेतला होता, त्याचं काही जमलं नाही. तो गाळा मीच घेतला आणि मधली भिंत पाडली. पितळ कमी झालं, स्टील आणि विजेच्या शेगडीवर चालणारी सपाट बुडाची भांडी वाढली. लोक मोबाइलवर फोटो दाखवून "हे हाय का?" विचारतात. मी म्हणते, "हाय, पण हातात घेऊन बघा." फोटोतलं भांडं हातात हलकं लागलं की ते स्वतःच खाली ठेवतात. कामाला दोन मुली आहेत, दोघींना मी नाव टाकायला शिकवलंय. माझी मुलगी नांदेडला बँकेत नोकरीला आहे. दर सुट्टीत येते आणि गादीवर बसून मला सांगते, अजून काय काय बदलायला हवं. काही गोष्टी मी ऐकते.

नवं गिऱ्हाईक म्हणजे एकटी राहणारी मुलं. गेल्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातला एक मुलगा आला, पुण्याला नोकरी लागलेली, अंगावर नवा शर्ट. लाजत लाजत म्हणाला, "मावशी, तवा पाहिजे. भाकरीचा."

"कोण करणार भाकरी?"

"मीच. मेसचं पोट भरत न्हाई."

"येते का तुला?"

"आईनं शिकवायला सुरू केलंय. तुकडे पडायलेत."

मी त्याला तीन तवे काढून दिले आणि प्रत्येक हातात धरायला लावला. तो सगळ्यात हलका निवडायला लागला, बॅगेत नेणं सोपं म्हणून. मी म्हणाले, हलक्या तव्यावर भाकरी मधेच जळते आणि काठाला कच्ची राहते, फुगणार नाही. त्यानं जड तवा उचलला, बराच वेळ दोन्ही हातांत तोलला आणि म्हणाला, "मग हाच द्या. बॅगेतली पुस्तकं काढतो." मग आईला फोन लावून त्यानं तवा घेतल्याचं सांगितलं. पलीकडून तिनं काहीतरी विचारलं, आणि त्यानं फोन माझ्याकडे दिला.

"घ्या मावशी," तो म्हणाला, "आई म्हणतीय, मालकिणीला दे."